शिडीचे मागचे टोक

मन्मथअप्पा पौषातल्या एका सोमवारी सकाळी ताडकळस येथे राहत्या घरी वारले. पूजा आटोपून ते गॅरेजमध्ये गेले होते. सून सुनंदा चहा घेऊन गेली तेव्हा ते भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसलेले होते. समोर एरवी छताला टांगलेली एक सायकल खाली उतरवलेली होती. तिच्या पुढच्या चाकात हवा भरून झाली होती, मागच्या चाकात भरायची राहिली होती. पंप त्यांच्या पायाशी होता. दुसरी सायकल आणि बांबूची लांब शिडी छतालाच होती.

खाली उतरवलेली सायकल अप्पांची नव्हती. ती महेबूबभाईंची होती, आणि महेबूबभाई हैदराबादला होते.

अप्पांचे घर माझ्या घरासमोर. मी परभणीच्या एका दैनिकासाठी बातम्या लिहीत असे. अप्पांविषयी कधी बातमी लिहिली नाही, कारण त्यांच्या आयुष्यात बातमी होईल असे काही घडले नाही. खाली जे आहे त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे. बाकीचे अप्पा आणि महेबूबभाई या दोघांकडून वेगवेगळे ऐकलेले आहे, आणि जिथे दोघांच्या सांगण्यात फरक पडतो तिथे तसे नोंदवले आहे.

अप्पांचा धंदा भोंग्याचा. लग्न, भजन, उरूस, जत्रा, कीर्तन, काहीही असो, ताडकळस आणि आसपासच्या गावांत माईक आणि भोंगा अप्पांकडून भाड्याने जाई. महेबूबभाई त्यांचे भागीदार. महेबूबभाई झाडावर किंवा देवळाच्या शिखराशी चढून भोंगा बांधत, अप्पा खाली ॲम्प्लिफायरच्या मशीनपाशी बसत. गोरेपान, ठेंगणे, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, धोतर आणि पांढरी टोपी असे अप्पा. उंच, काळेसावळे, पानाने ओठ रंगलेले, सतत बोलणारे महेबूबभाई. ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ हे शब्द नेहमी महेबूबभाईंचे असत. अप्पा माईकवर फक्त बोटाने दोनदा टक टक करत. ज्यांचा भोंगा सगळ्या मुलुखाने ऐकला त्या माणसाचा स्वतःचा आवाज भोंग्यातून कुणीही ऐकलेला नाही. याची मी अनेकांकडे चौकशी केली आहे.

दोघांकडे मोटार नव्हती, बैलगाडीही नव्हती. दोन सायकली होत्या आणि एक शिडी होती. शिडीला आमच्याकडे निसनी म्हणतात. ही निसनी अप्पांच्या मोजणीने दहा हात लांब होती. ती दुसऱ्या गावाला न्यायची रीत त्यांनी स्वतः शोधून काढलेली होती. शिडीचे पुढचे टोक महेबूबभाईंच्या सायकलीच्या कॅरिअरला, मागचे टोक अप्पांच्या सायकलीच्या हँडलला. बांधायला दोरी वापरायची नाही. दोरी घट्ट बसते आणि वळणावर सायकल पाडते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरायच्या. रबर थोडे ताणते, थोडे सोडते. भोंगा महेबूबभाईंच्या पाठीवर, मशीन अप्पांच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळलेले. अशी ती दोघांची एकच लांब गाडी रस्त्याने जाई.

या चालण्याचे दोन नियम होते. पुढच्याने मागे पाहायचे नाही, कारण मान वळली की हँडल वळते. आणि पुढच्याने जे ओरडले त्याला मागच्याने उत्तर दिल्याशिवाय पुढच्याने काही करायचे नाही. महेबूबभाई ‘मोड!’ म्हणाले की अप्पांनी ‘हौ’ म्हणायचे, मग दोघांनी वळायचे. ‘गड्ढा!’ ‘हौ.’ ‘रोक!’ ‘हौ.’ अप्पांचा ‘हौ’ आला नाही तर महेबूबभाई सरळ जात किंवा थांबत, पण वळत नसत.

एकदा पूर्णेच्या रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला. महेबूबभाईंनी ‘भैंस!’ अशी हाक दिली. अप्पांनी ‘हौ’ म्हटले. पण भैंस म्हटल्यावर पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. महेबूबभाईंनी सायकल थांबवली, अप्पांनीही थांबवली, आणि एक वगार दोन सायकलींच्या मधून, शिडीखालून, पलीकडे जायला निघाली. अर्ध्यात तिला आपली आई अलीकडेच राहिली हे कळले असावे. ती तिथेच उभी राहिली. आई हंबरत आली, तिने शिडीला शिंग लावले आणि शिडी उचलली. दोघेही सायकलींसकट थोडे वर उचलले गेले असे महेबूबभाईंचे म्हणणे. अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे फक्त शिडी हलली. म्हशींचा मालक बांधावरून ओरडत आला.

“अरं माझ्या म्हशीला कामून अडवलंव? निसनीवर चढवायलाव का तिला?”

महेबूबभाई पुढेच पाहत होते. नियम नियम असतो. त्यांनी तसेच विचारले, “मन्मथ, है क्या?”

मागून आवाज आला, “हौ.”

“मैं भी है. भैंस भी है. अब क्या करना?”

म्हैस कंटाळून गेली.

सर्वांत लांबची फेरी राणीसावरगावची. तिथे एका लग्नाला भोंगा सांगितलेला होता. पहाटे निघाले आणि दिवस मावळताना पोहोचले. वाटेत गंगाखेडला गोदावरीचा पूल लागतो. त्या दिवशी वारा होता. आडवा आलेला वाऱ्याचा झोत शिडीला नदीकडे ढकलत होता, आणि समोरून ट्रक येत होते. महेबूबभाईंनी पूल संपेपर्यंत हाका मारल्या. “मन्मथ, है क्या?” “हौ.” “मन्मथ, है क्या?” “हौ.” ही गोष्ट दोघांनी मला अगदी सारखी सांगितली. फरक इतकाच की महेबूबभाई म्हणाले, अप्पा घाबरले असतील म्हणून मी विचारत होतो. अप्पा म्हणाले, “म्हेबूब लय भ्याला होता.”

मागच्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला शिडीच्या पायऱ्या दिसतात आणि त्यांच्या शेवटी पुढच्या माणसाची पाठ दिसते. अप्पांनी पूर्णा, पालम, गंगाखेड, परभणी हा सगळा टापू असा पाहिलेला होता. कुठले गाव कसे दिसते असे विचारले तर त्यांना सांगता येत नसे. कुठल्या गावाच्या चढावर महेबूबभाईंचा सदरा घामाने किती भिजतो ते सांगता येई.

मागे राहण्याची सवय त्यांना इतकी लागली की ती धंदा बंद झाल्यावरही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेवटच्या रांगेत बसत. बसमध्ये पुढची जागा रिकामी असली तरी मागे जात. कुणी दाराशी ‘अप्पा, तुम्ही व्हा पुढं’ म्हटले तर ते हाताने वाट दाखवून म्हणत, “तुमी व्हा म्होरं. मी हाय मागं.” देवळात, दवाखान्यात, तहसीलच्या रांगेत, सगळीकडे हेच. “मी हाय मागं.” त्यांच्या मुलाच्या, बसवराजच्या, लग्नात वरातीत नवरदेवाचे वडील दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते जनरेटरच्या गाडीच्याही मागे चालत होते.

डीजे आले आणि भोंग्याचा धंदा संपला. बसवराजने गावात बी-बियाणे आणि खतांचे दुकान काढले आणि ते चांगले चालले. त्याच सुमारास महेबूबभाईंच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला होता. तो त्यांना घेऊन गेला. निघताना महेबूबभाई सायकल अप्पांच्या ओट्याला लावून म्हणाले, “अमानत है. बेचना नक्को.”

“हौ,” अप्पा म्हणाले.

“उरुसकू आतौं. तब उतारना. निसनी लेके एक फेरा मारेंगे.”

“हौ.”

सायकल तेव्हा जमिनीवरच होती, त्यामुळे ‘उतारना’ या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. दोघांचे आधीच ठरलेले होते. जमिनीवर उभ्या सायकलीचा टायर एका जागी दबतो, फाटतो. ती वापरात नसेल तर टांगलेलीच बरी, हे दोघांचे मत होते. पावसाळ्यात काम नसताना ते सायकली आणि शिडी भोंग्याच्या दुकानाच्या आढ्याला टांगून ठेवत.

बसवराजने नवे घर बांधायला काढले तेव्हा अप्पांनी एकच मागणी केली. गाडीसाठी जी खोली होणार होती तिच्या स्लॅबमध्ये कड्या हव्यात. घरातले सगळे तिला गॅरेज म्हणत, अप्पा गाडीखोली म्हणत. स्लॅबमध्ये कड्या सोडतात त्या पाळण्यासाठी किंवा झोक्यासाठी. गवंड्याला गंमत वाटली.

“अप्पा, पाळणा हॉलमधी बांधत्यात. गाडीखोलीत कुनाला निजवायलाव?”

“म्हेबूबच्या सायकलीला,” अप्पा म्हणाले.

खोलीची लांबी शिडीपुरती हवी होती. अप्पांनी माप सांगितले, दहा हात. गवंड्याने हात मोजले, पण स्वतःचे. गवंडी अप्पांहूनही ठेंगणा होता. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, कड्या पक्क्या झाल्या, आणि शिडी वर चढवायला गेले तेव्हा ती वीतभर जास्त भरली. शटरच्या बाजूने खोली वाढवायला जागा नव्हती. तिरपी टांगा, असे बसवराज म्हणाला. अप्पांनी मान हलवली. शिडी रस्त्याने जाते तशीच टांगायची होती, पुढचे टोक दाराकडे, मागचे घराकडे. शेवटी मागच्या भिंतीला वरच्या बाजूला एक चौकोनी भोक पाडले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होते. शिडीचे मागचे टोक त्या भोकातून सुनंदाच्या फडताळावर निघाले.

सुनंदाने पहिले काही दिवस त्याच्याकडे पाहिलेही नाही. मग एक दिवस तिने तिथे लसणाच्या जुड्या अडकवल्या. नंतर चहाची गाळणी, नंतर पळ्या. तेव्हापासून शिडी कुणी मागायला आले की अप्पा गॅरेजमधून हाक देत, “सुनंदा, लसूण काढ!” आणि गल्लीतल्या सगळ्यांना कळे की अप्पांची निसनी कुठेतरी निघाली.

शिडी एकट्या माणसाला मिळत नसे. कुणी दिवे लावायला, पत्रे बदलायला शिडी मागायला आला तर अप्पा विचारत, “संगं कोन हाय?” कुणी नसेल तर तो परत जाई आणि कुणाला तरी घेऊन येई. बसवराजने पुढे ॲल्युमिनियमची घडीची शिडी आणली. ती एका हाताने उचलता येत असे. अप्पांनी ती उघडून पाहिली, मिटून पाहिली आणि परत दिली.

“कशी आहे, अप्पा?”

“बरी हाय. एकट्याची हाय.”

गॅरेजची मांडणी अशी होती. अगदी वर, स्लॅबला लागून, शिडी. तिच्याखाली दाराच्या बाजूला महेबूबभाईंची सायकल, स्वयंपाकघराच्या बाजूला अप्पांची. दोन्हींची तोंडे शटरकडे. प्रत्येकीला जुन्या विहिरीवरची एक एक कप्पी आणि बैलाचा कासरा. कासरा सोडला की सायकल संथपणे खाली येई. शटर उघडले की वाटे, वर कुणी दोघे घरातून बाहेर पडायच्या बेतात आहेत.

दर सोमवारी पूजेनंतर अप्पा महेबूबभाईंची सायकल खाली घेत. फडक्याने पुसत, साखळीला तेल देत, हवा भरत, चाक फिरवून कान देत, आणि शेवटी घंटी वाजवत. त्या घंटीवर आमच्या गल्लीत सोमवार ओळखला जाई. मग स्वतःची सायकल, पण तिच्यावर फार वेळ नाही. साधारण त्याच वेळी फोन येई. अप्पा मोबाईल सीटवर ठेवून स्पीकर सुरू करत, हात कामात असत.

“क्या मन्मथ, सायकल कैसी है?”

“बरी हाय. डोळे कसे हायेत?”

“डोळे हैं. दिखता नहीं, लेकिन हैं. बजा जरा.”

अप्पा घंटी वाजवत.

“उरुसाला ये,” अप्पा म्हणत.

“आतौं ना. इंशाअल्ला आतौं.”

पहिल्या वर्षी डोळ्याचे ऑपरेशन निघाले. दुसऱ्या वर्षी नातीचे लग्न. नंतर गुडघे. “मन्मथ, मेरे घुटने अब सायकल के नहीं रहे, खाट के हो गए,” असे महेबूबभाई म्हणाले ते मी माझ्या ओट्यावरून ऐकले. उरूस जवळ आला की अप्पा शिडी खाली घेत, तिला तेल लावत, ट्यूबच्या पट्ट्या ताणून बघत, तुटक्या बदलत. उरूस होऊन जाई. पट्ट्या पुन्हा खिळ्याला लटकत. एकदा मी विचारले, तुम्हीच का जात नाही हैदराबादला? परभणीहून गाडी आहे. अप्पांनी जरा विचार केला.

“मी म्होरं कसा जाऊ? वाट त्याला ठावं हाय.”

त्यांच्या पत्नी नव्या घरात यायच्या आधीच वारल्या होत्या. मित्र म्हणावा असा गावात दुसरा कुणी नव्हता. संध्याकाळी ते गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहत. शटर अर्धे उघडे असे.

मग बसवराजने मोटार घेतली. ती उंच होती. पहिल्याच दिवशी तिचे छप्पर सायकलीला घासले.

“अप्पा, एक तरी काढा. नवी गाडी आहे.”

अप्पांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, “उलटी लाव.” मोटार मागे घेत आत लावली की तिचे बुटके तोंड दाराकडे येई, म्हणजे महेबूबभाईंच्या सायकलीखाली. उंच भाग अप्पांच्या सायकलीखाली. मोटार आत शिरताना तेवढ्यापुरती महेबूबभाईंची सायकल कासऱ्याने शिडीपर्यंत वर ओढून धरायची. त्यांनी स्वतःची सायकल स्लॅबला समांतर आडवी टांगली. तरी पायडल खाली लोंबत होते. त्यांनी दोन्ही पायडले काढली. हँडलही सोडवून उलटे बसवले. महेबूबभाईंच्या सायकलीचा एक स्क्रूही हलवला नाही.

“स्वतःची सायकल मोडली की तुम्ही,” बसवराज म्हणाला.

“माझी हाय, मोडंन. ती अमानत हाय.”

पायडले सुनंदाकडे ठेवायला दिली. तिने ती फडताळावर, शिडीच्या टोकाखालीच ठेवली. बसवराज बरीच वर्षे रोज मोटार उलटी लावत राहिला. मोटार मागे घेताना आरशात त्याला वर टांगलेली चाके दिसत, आणि तो दर वेळी पुटपुटे. त्याचा राग मला कळत होता. दिवसभर दुकान करून आलेल्या माणसाने स्वतःच्याच घरात चोरासारखी इंच इंच गाडी का घ्यावी?

मागच्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, अप्पा डॉक्टरांना दाखवून घ्यायला परभणीला गेले होते आणि मोबाईल घरीच राहिला होता तेव्हा सोमवारचा फोन बसवराजने घेतला. महेबूबभाईंनी अप्पांची चौकशी केली. बसवराजने सांगितले की छातीचे दुखणे आहे, जास्त श्रम नको म्हणतात, पण ते सायकली उतरवल्याशिवाय राहत नाहीत. मग त्याने विचारले, “चाचा, तुमच्या सायकलीचं काय करायचं?”

पलीकडून लगेच उत्तर आले. “बेच दो बेटा. मेरेकू अब क्या करनेका उसका. मन्मथ कू तकलीफ नक्को.”

हे त्याने संध्याकाळी अप्पांना सांगितले. चोरून काही केले नाही. मालकाने परवानगी दिली आहे एवढेच सांगितले. भंगारवाल्याशी बोलणेही झालेले नव्हते. अप्पा जेवत होते. त्यांनी जेवण पुरे केले, हात धुतले, गॅरेजमध्ये गेले आणि फोन लावला. स्पीकर सवयीने सुरू होता. दार उघडे होते.

“म्हेबूब.”

“बोल मन्मथ.”

“अमानत इकता येत न्हाई. न्यावी लागती.”

महेबूबभाई काहीतरी सांगू लागले, गुडघ्यांचे, मुलाचे, गाडीत चढायचे. अप्पांनी मध्येच घंटी वाजवली. थांबले, पुन्हा वाजवली. इतका वेळ सलग घंटी त्यांनी कधी वाजवलेली नव्हती. सुनंदा स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. बसवराज तिच्या मागे.

घंटी थांबली तेव्हा अप्पा म्हणाले, “निसनी वाट बघायलीय. ये.”

पलीकडून एकच शब्द आला. आजवर तो शब्द नेहमी अप्पांकडून जाई.

“हौ.”

दुसऱ्या दिवसापासून बसवराजची मोटार बाहेर लिंबाखाली उभी राहू लागली. याबद्दल बापलेकांत काही बोलणे झाले का, ते मला माहीत नाही. अप्पांनी आपली सायकल मात्र आडवीच ठेवली. पायडलेही बसवली नाहीत. ते म्हणाले, तो आला की बसवू, आधी बसवली तर गंजतील.

महेबूबभाईंनी संक्रांतीनंतरचे तिकीट काढल्याचे कळवले होते. तो फोन मी ऐकलेला नाही, सुनंदाने सांगितले. अप्पांनी त्या आठवड्यात ट्यूबच्या नव्या पट्ट्या कापल्या. पुढच्या सोमवारी ते वारले.

लिंगायतांत माती देतात. अप्पांना त्यांच्या शेतात, आखाड्याजवळ म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळ, बसलेल्या स्थितीत समाधी दिली. महेबूबभाई त्याच दिवशी निघाले तरी पोहोचू शकले नाहीत. ते मुलासोबत दुसऱ्या दिवशी सकाळी परभणी स्टेशनवर उतरले. बसवराज त्यांना मोटारीने घेऊन आला. ते घरात गेले नाहीत. गॅरेजपाशी उतरले. शटर वर गेले. त्यांनी वर पाहिले, पण त्यांना किती दिसले असेल सांगता येत नाही. मग खाली उभी असलेली स्वतःची सायकल हाताने शोधली. पुढचा टायर अंगठ्याने दाबला. मागचा दाबला.

“पीछे की हवा कम है,” ते म्हणाले.

“भरायची राहिली होती,” सुनंदाने सांगितले.

बसवराजने पंप घेतला आणि मागच्या चाकात हवा भरली.

समाधीपाशी भजन ठेवलेले होते. भजनी मंडळीकडे स्वतःचा स्पीकर होता. महेबूबभाईंनी विचारले, मन्मथचा भोंगा आहे का? भोंगा माळ्यावर होता. मशीनही होते. बसवराजने दुकानातल्या मुलांकडून ते तपासून घेतले. भोंगा समाधीजवळच्या आंब्याला बांधायचा तर शिडी लागणार होती. बसवराज म्हणाला, टेम्पो सांगतो.

“निसनी टेम्पो में नक्को,” महेबूबभाई म्हणाले.

बसवराज कासरा सोडवायला गेला. सुनंदा न सांगता आत गेली आणि तिने लसूण काढला. येताना तिने पायडले आणली. महेबूबभाईंनी ती अप्पांच्या सायकलीला स्वतः बसवली, आटे बोटांनी चाचपत. हँडल सरळ केले. पट्ट्या खिळ्यावर होत्या, नव्या. शिडीचे पुढचे टोक त्यांनी आपल्या कॅरिअरला बांधले. मागचे टोक अप्पांच्या हँडलला बांधायला त्यांनी बसवराजचे हात धरून शिकवले, किती ताणायचे आणि किती सोडायचे.

सायकल चालवणे त्यांना शक्य नव्हते. दोघे सायकली हाती धरून चालत निघाले. पुढे महेबूबभाई, मागे बसवराज. महेबूबभाईंचा मुलगा त्यांच्या शेजारून चालत होता. रस्ता तो सांगत होता, पण महेबूबभाई त्याला सायकलीला हात लावू देत नव्हते. मी भोंगा घेऊन शेवटी होतो, माझ्या बरोबर मशीन घेऊन सुनंदा.

आखाड्याचा रस्ता कॅनॉलपाशी डावीकडे वळतो. महेबूबभाईंच्या मुलाने हळूच सांगितले की वळण आले. महेबूबभाईंनी समोर पाहत मोठ्याने हाक दिली, “मोड!”

मागून उत्तर आले नाही. महेबूबभाई थांबले. शिडी थांबली.

“काय झालं, चाचा? दमलाव का?” बसवराजने विचारले.

महेबूबभाईंनी मान वळवली नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली.

“मोड!”

बसवराज शिडीच्या पायऱ्यांमधून त्यांच्या पाठीकडे पाहत होता.

“हौ,” तो म्हणाला.

सायकली डावीकडे वळल्या.